सोसायटीच्या पंपरूममध्ये डीन रेलवर रास्पबेरी पाय : माउंट (बोर्ड धरणारा आधार) कसा डिझाइन करावा?

टाकीवाला

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये रास्पबेरी पाय ४, म्हणजे हातात मावणारा एका बोर्डाचा संगणक, बसवायचाय. गच्चीवरच्या टाकीत आणि खालच्या हौदात पाणी किती आहे ते सेन्सरवरून घ्यायचं, नोंद ठेवायची, आणि सभासदांना मोबाइलवर दिसेल असा आलेख काढायचा. टँकर आला की खरोखर किती पाणी पडलं तेही त्यातून कळेल, उन्हाळ्यात आमच्याकडे वादाचा मुख्य विषय तोच असतो. कोड चालतोय, घरी टेबलावर सगळं नीट चाललंय, अडलंय ते बोर्ड बसवण्यापाशी.

पंपाच्या पॅनलमध्ये ३५ मिमीची डीन रेल आहे, म्हणजे विजेची उपकरणं अडकवायची लोखंडी पट्टी. तिच्यावर एमसीबी (फ्यूजच्या जागी येणारे स्विच), दोन काँटॅक्टर (पंप चालू-बंद करणारे चुंबकी स्विच), ओव्हरलोड रिले, टायमर. उजव्या टोकाला तीन एमसीबींची जागा रिकामी आहे, म्हणजे साधारण ५४ मिमी. बोर्ड आहे ८५ बाय ५६. दोन मिमीसाठी घोडं अडलंय! वर आणि खाली वायरींचे डक्ट (वायरी न्यायच्या नळ्या) आहेत, त्यांच्या मधलं अंतर १३० मिमी भरतं.

घरी एंडर ३ हा थ्रीडी प्रिंटर आहे, कोड लिहून मॉडेल काढायचं ओपनस्कॅड बऱ्यापैकी येतं. नेटवर तयार मॉडेलं ढिगाने आहेत पण एकही या जागेत बसत नाही, कुठे प्लग डक्टला लागतो तर कुठे रुंदी जास्त. म्हणून स्वतःच काढणार आहे. तर प्रश्न असे, बोर्ड रेलवर आडवा झोपवावा की पुस्तकासारखा उभा धरावा? प्रिंटला पीएलए प्लास्टिक चालेल का? आणि स्क्रू लावायचे की नुसत्या खुंट्यांवर बसवायचा?

---

नागपुरी_नोझल

पीएलएचा विचारच सोडून द्या भाऊ. ५५-६० अंशांना तो मऊ पडायला लागते. मे महिन्यात बंद लोखंडी पॅनलच्या आत, काँटॅक्टरच्या शेजारी, तेवढं तापमान सहज होते. आणि मऊ पडायची वाटसुद्धा पाहावी लागत नाही, रेलला पकडणारी क्लिप सतत ताणाखाली असली की पीएलए हळूहळू तसाच वाकून बसते आणि पकड जाते. पीईटीजी घ्या, तो ७५-८० पर्यंत तग धरते आणि थोडा लवचिक असल्यामुळे क्लिपला बराही. एबीएस १०० च्या पुढे जाते पण एंडरला चारी बाजूंनी झाकल्याशिवाय कोपरे उचलतील.

---

सोनचाफा

पीईटीजीला +१.

बोर्ड उभा धरा, पुस्तक फळीवर ठेवतो तसा. मग रेलवर रुंदी किती लागते बघा, बोर्डाखालचे खांब ५ मिमी, बोर्ड दीड, वर यूएसबीचे डबे साधारण १६, आणि पाठीची प्लेट. सगळं मिळून तिशीच्या आत. म्हणजे दोन एमसीबींची जागा, तुमच्याकडे तीनची आहे. हवा खालून वर दोन्ही अंगांनी जाते त्यामुळे बोर्ड थोडा थंडही राहतो.

फक्त खोली मोजा. रेल ७.५ मिमी, क्लिप १० धरा, बोर्ड ५६, आणि दाराकडच्या कडेला टाइप-सीचा, म्हणजे पॉवरचा, प्लग आला तर त्याचे अजून ३० तरी. शंभरच्या पुढे जातं. दार लागतंय का आधी बघा.

---

लेथमास्तर

भावा प्रिंटच कशाला पाहिजे? २ मिमी अॅल्युमिनियमची पट्टी घे, एल वाकव, चार भोकं मार, पितळी षटकोनी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे खांब) लाव. डीन रेलची लोखंडी क्लिप इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते. आमच्या शेडवर असंच बसवलंय, मशीनची थरथर चोवीस तास चालू, काही हलत नाही.

---

सोनचाफा

@लेथमास्तर, मजबुतीबद्दल दुमत नाही. पण बोर्डाच्या खालच्या बाजूला सोल्डर केलेल्या पिनांची टोकं असतात आणि जीपीआयओच्या, म्हणजे सेन्सर जोडायच्या पिनांच्या, वायरी हलत्या असतात. अॅल्युमिनियम वापरलंच तर बोर्डाखाली इन्सुलेशनचा कागद हवाच. शिवाय त्यांच्याकडे प्रिंटर आहे, वाकवायचं मशीन नाही.

---

लेथमास्तर

कागद टाकतोच आम्ही. पण मुद्दा बरोबर, ज्याच्याकडं जे हत्यार आहे त्यानं ते वापरावं.

---

जुना_बोर्ड

मापांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे बरेच जण बोर्ड व्हर्निअरने मोजत बसतात. गरज नाही. रास्पबेरी पायवाले स्वतः मेकॅनिकल ड्रॉइंग देतात, ते घ्या.

पहिलं भोक दोन्ही कडांपासून ३.५ मिमी आत. तिथून लांबीत ५८, रुंदीत ४९. भोकं २.७ मिमीची, स्क्रू एम २.५. भोकाभोवती साधारण ६ मिमी व्यासाची मोकळी जागा सोडलेली असते, तिथे एकही पार्ट नसतो, म्हणून खांब ६ मिमीपेक्षा जाड करू नका. ८ चे केले की खालच्या बारीक रेझिस्टरवर बसतात आणि बोर्ड तिरका होतो.

आता रुंदीचा हिशेब बघा, ३.५ अधिक ४९ अधिक ३.५ म्हणजे ५६, बरोबर मध्यात. लांबीत मात्र ३.५ अधिक ५८ म्हणजे ६१.५ च. यूएसबी आणि इथरनेटच्या बाजूचा २३.५ मिमी बोर्ड भोकांच्या पुढे अधांतरी असतो, वर डबे कडेच्या बाहेर दोन-तीन मिमी येतात. प्लग घुसवायचा जोर नेमका त्याच अधांतरी बाजूवर येतो. त्यामुळे बेस प्लेट तिथपर्यंत न्या आणि तिच्यात केबल टाय ओवायला दोन खाचा ठेवा. कुणी केबल ओढली तरी ताण प्लेटवर येईल, सोल्डरवर येणार नाही.

हा भोकांचा नकाशा २०१४ च्या बी प्लस मॉडेलपासून आजतागायत तोच आहे, पाय ५ लाही तोच. २०१२ च्या अगदी पहिल्या बोर्डाला भोकंच नव्हती! लोक रबरबँडने बांधायचे. दुसऱ्या आवृत्तीत दोन भोकं आली, मग ही चार. पण भोकं तीच असली तरी कनेक्टर हलत राहिलेत. पाय ३ वर इथरनेट एका बाजूला, पाय ४ वर यूएसबीशी अदलाबदल, पाय ५ वर परत पहिल्या जागी. म्हणून माउंट उघडा ठेवा, कनेक्टरभोवती खिडक्या असलेली पेटी काढू नका. पुढे बोर्ड बदलला तरी माउंट तोच राहील.

---

एक_वाचक

सोपं विचारतो, एवढ्या कामाला पाय कशाला? इएसपी३२ हा छोटा वायफायवाला बोर्ड स्वस्तात येतो, एसडी कार्ड खराब व्हायची भानगड नाही, मिनिटाला एकदा पाण्याची पातळी पाठवायची तर तो आरामात करतो.

---

टाकीवाला

@एक_वाचक, टाकीपाशी इएसपी३२ च आहे. खाली पाय हवाय कारण नोंदी तिथेच साठवायच्या आहेत आणि पुढे पाण्याच्या मीटरसमोर कॅमेरा लावून आकडा वाचायचा विचार आहे. इंटरनेट गेलं तरी नोंद तुटायला नको.

@जुना_बोर्ड, फार उपयोगी. उघड्या माउंटचं पटलं.

---

मालवणी_मेकर

इएसपी३२ च्या माउंटचा त्रास तर याहून मोठा. त्या डेव्ह बोर्डांची रुंदी उत्पादकागणिक वेगळी, काहींची भोकं एवढी बारीक की स्क्रू जात नाही, काहींना भोकंच नाहीत. तिथे मी दोन्ही लांब कडांना खाचा देतो आणि बोर्ड सरकवून एका टोकाला छोटी क्लिप. पण खाचेचं माप हातातल्या बोर्डावरूनच घ्यायचं, नेटवरच्या मापावर विश्वास नाही.

आमच्या किनारपट्टीवरचा एक सल्ला, स्क्रू स्टेनलेसचे घ्या. पंपरूम म्हणजे दमट जागा, साधे काळे स्क्रू पावसाळ्यात गंजून बसतात आणि मग खोलताना खांबच मोडून हातात येतो. आणि पीईटीजीचा रोल जुलै-ऑगस्टात उघडा ठेवला असेल तर आधी ६५ अंशांवर काही तास सुकवून घ्या. ओलसर फिलामेंट नोझलमधून तडतडत येतं, प्रिंटला केस सुटतात आणि थर नीट चिकटत नाहीत. माउंटचा जीव थरांच्या चिकटण्यातच असतो.

---

वीजतंत्री

मंडळी, मापं आणि प्लास्टिक ठीक, पण मूळ जागाच चुकतेय असं माझं स्पष्ट मत आहे.

पंपाचं पॅनल म्हणजे आत २३० व्होल्ट, बहुतेक ठिकाणी तीन फेज म्हणजे ४१५. त्यात घरी छापलेलं प्लास्टिक आणि ५ व्होल्टचा उघडा बोर्ड ठेवायचा? एमसीबीचं किंवा काँटॅक्टरचं प्लास्टिक आग न धरणारं असतं, त्याच्या चाचण्या झालेल्या असतात. साधा पीईटीजी किंवा पीएलए पेटतो. दुसरं, उद्या वायरमन काँटॅक्टर बदलायला येईल, त्याचा स्क्रूड्रायव्हर किंवा तुटलेला तांब्याचा धागा बोर्डावर पडला तर बोर्ड गेलाच, पण तोच २३० तुमच्या इथरनेट केबलवरून वर ऑफिसच्या राउटरपर्यंत गेला तर?

तिसरं, काँटॅक्टर सोडतो तेव्हा कॉइलचा झटका येतो. शेजारी सेन्सरची लांब वायर असेल तर आकडे उड्या मारतात, कधी पाय रीस्टार्टही होतो.

पॅनलच्या बाहेर, दोन फूट लांब, वेगळी पेटी लावा. पॉलिकार्बोनेटची आयपी६५ (धूळ-पाणी आत न जाणारी) जंक्शन बॉक्स कुठेही मिळते, आत रेलचा तुकडा कापून बसवा. मग तुम्हाला हवा तो माउंट काढा.

---

नागपुरी_नोझल

पण बरेच जण पॅनलमध्येच लावतात ना? कारखान्यात पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, त्याच पेटीत असते.

---

वीजतंत्री

पीएलसी बंद कवचात असतो, त्या जागेसाठीच बनवलेला असतो, इनपुट-आउटपुट आयसोलेटेड असतात. तरीही चांगला पॅनल बांधणारा पॉवर आणि कंट्रोलच्या वायरी वेगवेगळ्या डक्टमधून नेतो. पाय उघडा बोर्ड आहे. तुलना होत नाही.

---

स्टुटगार्टकर

वीजतंत्रींशी शंभर टक्के सहमत. इथे माझं घराघरातल्या वितरण पेट्यांशी रोज काम पडतं, रेल तीच ३५ मिमीची, तिचं माप ईएन ६०७१५ या मानकात ठरलेलं आहे म्हणून जगभर सारखं. लो व्होल्टेजची उपकरणं वेगळ्या कप्प्यात असतात, मधे पडदा.

टाकीवाले, क्लिपबद्दल. रेलची एक कड वर, एक खाली. वरच्या कडेवर माउंटचा न हलणारा आकडा अडकवायचा आणि खालच्या कडेवर स्प्रिंगवाली जीभ खटकन बसवायची. कडेची जाडी १ मिमी असते, खोबण १.३ ते १.४ ठेवा. जीभेच्या टोकाला स्क्रूड्रायव्हर घालायला चौकोनी भोक ठेवा आणि ते दाराच्या बाजूला उघडं राहू द्या, नाहीतर एकदा बसवलेला माउंट काढताना तोडावा लागेल.

---

शाळेतली_प्रयोगशाळा

जीभ कशी प्रिंट करायची हे इथे कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. मुलं नेमकी इथेच अडकतात.

प्रिंट थराथरांनी बनतं आणि दोन थरांमधला जोड हा सगळ्यात कच्चा. जीभ उभी छापली की प्रत्येक थर तिच्या लांबीला आडवा येतो, वाकवली की कट्टकन दोन तुकडे. तीच क्लिप कुशीवर झोपवून छापली की प्लास्टिकचा धागा जीभेच्या लांबीतून सलग जातो, मग ती शेकडो वेळा वाकते. अडचण अशी की बोर्डाची प्लेट एका दिशेने छापायला सोपी आणि क्लिप दुसऱ्या दिशेने. म्हणून दोन्ही एका तुकड्यात काढायचा हट्ट सोडा. प्लेट वेगळी, क्लिप वेगळी, मधे दोन एम३ चे स्क्रू. क्लिप मोडली तर तेवढीच परत छापता येते आणि बोर्डाला हात लावावा लागत नाही.

जीभेच्या मुळाशी काटकोन ठेवू नका, दीड-दोन मिमीची गोलाई द्या. मोडते ती तिथूनच.

---

टाकीवाला

दोन तुकड्यांचं एकदम पटलं. आता स्क्रूचं सांगा कुणीतरी. खांबात सरळ स्क्रू पिळायचा, पितळी इन्सर्ट (आतून आटे असलेल्या छोट्या नळ्या) घालायचे, की नट?

---

जुना_बोर्ड

तिन्ही चालतात पण बोर्ड पुन्हापुन्हा काढणार असाल तर सरळ प्लास्टिकमध्ये पिळू नका, आटे लवकर झिजतात. इन्सर्ट छान दिसतात, सोल्डरिंग आयर्न २२० च्या आसपास ठेवून हळू दाबायचे. पण ६ मिमीच्या खांबात एम २.५ चा इन्सर्ट घातला की भोवती भिंत फार थोडी उरते, चिरायची भीती असते.

मला नट आवडतो. स्क्रू वरून, बोर्डातून, पोकळ खांबातून थेट बेसच्या खालपर्यंत आणि नट खाली षटकोनी खळग्यात. यात खांबावर ओढ येतच नाही, तो फक्त दाबला जातो, आणि दाबाला थर कच्चे नसतात. हिशेब असा, बेस ३.५, खांब ५, बोर्ड जेमतेम दीड, एकूण १०. म्हणजे १० मिमीचा स्क्रू नटाच्या तळाशी बरोबर सपाट येतो. १२ चा घेतला तर टोक खाली रेलच्या दिशेला डोकावतं.

---

नागपुरी_नोझल

आणि ओपनस्कॅडवाल्यांसाठी, एम २.५ चा नट सपाट बाजूंमध्ये ५ मिमी असते. पण ओपनस्कॅडमध्ये सहा बाजूंचा सिलिंडर काढला की व्यास कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजते. तिथे ५ टाकलं की नट जाणारच नाही. आधी थोडी ढील धरून ५.३ करा, मग ३० अंशाच्या कोसाइनने भागा, ६.१२ येते. खोली २.२.

गोल भोकांचंही तेच. प्रिंटमध्ये भोक नेहमी लहान येते, आणि बाजू कमी ठेवल्या तर अजून लहान, कारण बहुकोन वर्तुळाच्या आत बसते. स्क्रूच्या भोकाला २.५ ऐवजी २.८-२.९ द्या.

---

सोनचाफा

खाली तोंड असलेल्या नटाच्या खळग्याचं छत हवेत छापलं जातं आणि मधलं भोक विस्कटतं. त्यावर युक्ती, खळगा आणि भोक यांच्यामध्ये ०.२ मिमीचा एकच थर सलग सोडून द्या. छत नीट ताणून बसतं, नंतर स्क्रूच्या टोकाने किंवा पिनने तो पापुद्रा फोडायचा. सपोर्ट लावायची गरज नाही.

---

एक_वाचक

एम २.५ मिळतात कुठे? आमच्या हार्डवेअरवाल्याकडे ३ च्या खाली काही नाही. बोर्डाची भोकं ३ मिमीने ड्रिल करून मोठी केली तर?

---

जुना_बोर्ड

नको नको! बोर्डात आतही तांब्याचे थर असतात, ड्रिलने भोक वाढवलं तर कडेला ते उघडे पडून एकमेकांना लागू शकतात. स्क्रू पाच रुपयांचा, बोर्ड हजारांचा.

पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला एम २.५ सुटे मिळतात, पितळी स्टँडऑफसुद्धा. नाहीतर ऑनलाइन एक डबी मागवा, स्टँडऑफ, स्क्रू, नट सगळं एकत्र येतं, वर्षानुवर्षं पुरतं.

---

लेथमास्तर

जुन्या लॅपटॉपमधले स्क्रू बघा की. त्यात एम २.५ भरपूर निघतात, भंगारवाल्याकडं पोतंभर पडलेले असतात. लांबी मात्र कमी असते, खांब बुटका करावा लागंल.

---

शाळेतली_प्रयोगशाळा

अख्खा माउंट छापण्याआधी दोन चाचण्या करा, दोन्ही स्वस्त. पहिली कागदाची. चार भोकं आणि बाहेरची रेघ कागदावर शंभर टक्के मापात छापायची, पानाला बसवण्याचा पर्याय बंद करून, आणि बोर्ड त्यावर ठेवून भोकांतून बघायचं. दुसरी, नुसती १ मिमीची पातळ प्लेट, चार भोकांसकट. काही मिनिटांत छापून होते आणि प्रिंटर लांबीत किती चुकतोय तेही कळतं. आमच्या एका गटाने नेटवरचं पाय झीरोचं, म्हणजे त्याच्या छोट्या भावाचं, ड्रॉइंग पाय ४ समजून घेतलं होतं. दोन्हींत ५८ आहे, म्हणून लांबी जुळत होती! कागदावर ठेवताच रुंदी कळली.

---

टाकीवाला

अपडेट देतो. काल इलेक्ट्रिशियनला पॅनल दाखवलं. मी तोंड उघडायच्या आत त्याने सांगितलं की काँटॅक्टरशेजारी उघडा बोर्ड तो बसवू देणार नाही. @वीजतंत्री, अगदी तुमचेच मुद्दे. तर आता पॅनलपासून लांब, भिंतीवर वेगळी पॉलिकार्बोनेटची पेटी, आत रेलचा तुकडा. पेटीच्या खर्चाला कमिटीची मंजुरी घ्यावी लागेल.

---

लेथमास्तर

म्हणजे प्रिंट दोन तासात आणि मंजुरी दिवाळीनंतर :)

---

मालवणी_मेकर

हाहा. पण पेटी प्लास्टिकची झाली हे फार बरं झालं. लोखंडी पॅनलच्या आत वायफायचा सिग्नल मेलाच असता. पाय ४ वर अँटेना बोर्डावरच असतो, एसडी कार्डाच्या टोकाला जीपीआयओच्या कोपऱ्यापाशी. त्या कोपऱ्याजवळ लोखंडी ब्रॅकेट किंवा एसएमपीएसचं, म्हणजे पॉवर सप्लायचं, धड येऊ देऊ नका.

---

वीजतंत्री

चांगला निर्णय. आता दोन गोष्टी. आयपी६५ पेटी बंद असते म्हणजे उष्णता बाहेर जात नाही. पाय ४ रिकामा असताना तीनेक वॅट खातो, पूर्ण जोर लावला की सहा-सात. पेटी बोर्डापेक्षा बरीच मोठी घ्या, तिच्या भिंतीच उष्णता सोडतात. प्रोसेसरवर हीटसिंक लावा. ८० अंशांना तो स्वतःचा वेग कमी करायला लागतो.

दुसरं, वीजपुरवठा. रेलवर बसणारा ५ व्होल्ट, ३ अँपियरचा एसएमपीएस घ्या आणि तो बोर्डाच्या जवळ ठेवा. लांब बारीक वायर टाकली की वाटेत व्होल्टेज पडतं आणि ४.६३ च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजची तक्रार करतो. एसएमपीएसमध्ये २३० आहेच, म्हणून तो एका टोकाला, मधे पडदा, मग बोर्ड. तो पडदा प्रिंट करू नका, तयार मिळतो. केबल आत घ्यायचे ग्लँड सगळे पेटीच्या तळाला, वरून एकही भोक नको, पंपरूममध्ये वरच्या पाइपमधून पाणी गळतंच कधी ना कधी.

---

सोनचाफा

आता रुंदीची अडचण संपली म्हणजे बोर्ड सपाट ठेवता येईल, आणि मी माझं आधीचं मत बदलते. नव्या पेटीत सपाटच ठेवा, रेलला समांतर, पण लांब बाजू उभी. यूएसबी-इथरनेट खाली, एसडी कार्ड वर, समोरून बघताना टाइप-सी डावीकडे आणि जीपीआयओ उजवीकडे. म्हणजे पॉवर एका अंगाने येते, सेन्सरच्या वायरी दुसऱ्या अंगाने, दोघांची गाठ पडत नाही.

आणि रेलच्या मध्यावर बोर्डाचा मध्य आणायची काही गरज नाही. बहुतेक तयार माउंट तिथेच फसतात. बोर्ड ८५, खाली इथरनेटचा प्लग रबरासकट ४० धरा, म्हणजे एकूण १२५. मध्य साधायचा तर या १२५ चा साधायला हवा. बोर्ड रेलच्या मध्यापासून २० मिमी वर सरकवा की खाली प्लगला जागा मिळते. वर कार्ड ओढायला किमान २० मिमी मोकळे ठेवा आणि प्लेटला त्या टोकाला अंगठा जाईल एवढी अर्धगोल खाच द्या.

---

स्टुटगार्टकर

+१. मी तर म्हणेन माउंट काढताना सुरुवात बोर्डापासून करूच नये. आधी पेटीचा चौकोन, मग केबल कुठून येणार, प्लग किती लांब, वायर किती वळते, हात कुठून जाणार, आणि शेवटी उरलेल्या जागेत बोर्ड. बोर्डाची मापं ठरलेलीच आहेत, ती चुकत नाहीत. चुकतात त्या वायरी.

---

टाकीवाला

सोनचाफाताई, हा २० मिमीचा मुद्दा मला सुचलाच नव्हता, पहिल्या जागेतही उपयोगी पडला असता. असं ठरवतोय, बेस प्लेट पीईटीजी, ३.५ मिमी, प्रिंटला बाहेरच्या चार भिंती आणि आत ४० टक्के भराव. खांब ६ मिमी जाड, ५ उंच, एम २.५ चे १० मिमी स्टेनलेस स्क्रू, नट खाली. क्लिपा दोन, वेगळ्या, कुशीवर छापलेल्या, प्लेटला एम३ ने जोडलेल्या. बोर्ड २० मिमी वर. खाली दोन केबल टायच्या खाचा, डावीकडे टाइप-सीसाठी एक. काही राहिलं का?

---

शाळेतली_प्रयोगशाळा

क्लिपांमधलं अंतर प्लेटच्या रुंदीएवढं ठेवा, जवळजवळ घेतल्या तर प्लेट झुलते. आणि प्लेटवर नाव-तारीख-बोर्डाचा प्रकार कोरा, अर्धा मिमी खोल. उद्या तुम्ही सोसायटी सोडून गेलात तर पुढच्याला कळायला हवं की आत काय आहे.

---

वीजतंत्री

पेटीच्या झाकणावर आतून वायरिंगचा नकाशाही चिकटवा. आणि टाकीपासून येणारी सेन्सरची वायर पंपाच्या केबलबरोबर एकाच पाइपातून आणू नका.

---

एक_वाचक

एक शंका राहिली. टाकीतला सेन्सर कोणता? तो वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक असेल तर त्याचाही माउंट लागेल ना?

---

टाकीवाला

तोच, जेएसएन-एसआर०४टी. त्याला पहिल्या २०-२५ सेंटीमीटरमधलं काही दिसत नाही, म्हणून टाकी काठोकाठ भरली तरी पाणी तेवढं लांब राहील अशा उंचीवर धरावा लागतो. त्यासाठी झाकणावर पाइपाचा उंचवटा करून त्यावर बसवणार आहे. तिथे ऊन असल्यामुळे उन्हात टिकणारं एएसए प्लास्टिक वापरेन. हौदातला एक सेन्सर सरळ पायला जोडलाय, त्याचा एको, म्हणजे प्रतिध्वनीचा सिग्नल, ५ व्होल्टचा येतो आणि पायच्या पिनांना ३.३ च चालतात, म्हणून मधे व्होल्टेज कमी करणारा दोन रेझिस्टरचा विभाजक आहे. त्याची छोटी पट्टीही याच प्लेटवर बसवतो.

---

मालवणी_मेकर

विभाजकाची पट्टी बसवणार असाल तर जीपीआयओच्या बाजूला प्लेट २५ मिमी रुंद करा आणि तिथे स्क्रू टर्मिनलही घ्या. सेन्सरची वायर थेट जीपीआयओच्या पिनेवर आणू नका, जंपर वायर थरथरीने सुटते. आणि फाइल इथे टाका, आमच्याकडे वाडीच्या नळपाणी योजनेला हेच हवंय, फक्त पाय झीरो २ वर.

---

टाकीवाला

टाकतो की. सगळी मापं फाइलच्या सुरुवातीलाच चलांत (व्हेरिएबलमध्ये) ठेवली आहेत, झीरोसाठी लांबीचं ५८ तसंच ठेवा, रुंदीतलं ४९ बदलून २३ करा, बोर्ड ६५ बाय ३०. खांब आणि स्क्रू तेच. त्याचे सगळे प्लग एकाच लांब बाजूला असतात, तेव्हा वर सरकवायचं अंतर मात्र तुमच्या पेटीप्रमाणे नव्याने बसवावं लागेल.